मुनीमजी, शून्य काऊन येते?
वाचकांचे प्रश्न, मुनीमजींची उत्तरं

सोयाबीन निघालं, कापूस वेचणीची सीतादही पूजा झाली, आणि पत्रं सुरू झाली. यंदाची बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतात: एक्सेलच्या शीटमधून एखाद्याची नोंद शोधायची कशानं आणि बेरीज काढायची कशानं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये रोकडवही-खतावणीवर मुनीमकी केली, मग तिथंच संगणकावर केली, आता दारव्हा तालुक्यात शेतकऱ्यांच्या कंपनीचे हिशेब पाहतो. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर चुका करत करत झालं. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देतो.

सूत्रं इथं देवनागरीत छापली आहेत. तुम्ही ती इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाका, नावाच्या मधे जागा न सोडता. व्हीलुकअप आणि एक्सलुकअप नोंद शोधून आणतात, समइफ आणि समइफ्स अटीत बसणाऱ्या ओळींची बेरीज करतात.

आमच्याकडं बारा बाया वेचणीला येतात. रोज संध्याकाळी कापूस मोजून तारीख, नाव आणि किलो शीटमध्ये टाकतो. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटायची असते. पोरानं व्हीलुकअप लावून दिलं, पण प्रत्येकीचे एकाच दिवसाचे किलो येतात. बाकीचे दिवस कुठं जातात?
— एक शेतकरी, समुद्रपूर तालुका

भाऊ, पोरावर रागावू नका. हीच चूक मी पगार घेऊन केली आहे.

जिनिंगमध्ये संगणक नवा होता तेव्हाची गोष्ट. दिग्रसकडचा एक म्हातारा शेतकरी तीन वेगवेगळ्या दिवशी कापसाच्या तीन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, खाली करून गेला होता. चुकाऱ्याच्या, म्हणजे पैसे द्यायच्या, दिवशी मी त्याचा नंबर टाकला, एंटर मारलं, पडद्यावर आलं ९.४० क्विंटल. तेवढ्याचा हिशेब करून मी कागद त्याच्यासमोर सरकवला. बुढ्यानं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिची गाठ दातानं सोडली, आतल्या तीन काटापट्ट्या टेबलावर एकीखाली एक मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवत म्हणाला, ‘हे एक. हे दोन. हे तीन. तुमच्या डब्ब्याले दोन दिसत नाहीत काय?’

९.४०, ८.७५ आणि १०.२०. एकूण २८.३५ क्विंटल. डब्ब्याला खरंच दोन दिसत नव्हते, कारण व्हीलुकअप वरून खाली शोधत येतं आणि पहिला मेळ लागला की तिथंच थांबतं. गावात पाटलाचं घर विचारलं तर पहिलं लागेल ते दाखवून मोकळं होणाऱ्या पोरासारखं. पुढं आणखी चार पाटील राहतात, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

म्हणून शीटला प्रश्न विचारायच्या आधी स्वतःला विचारा: मला ‘कोणाचा’ हवंय की ‘किती’ हवंय? या बाईचा खाते क्रमांक कोणता, हिचं गाव कोणतं, हा ‘कोणाचा’चा प्रश्न. उत्तर एकच असतं, तिथं व्हीलुकअप चालतं. हिनं आठवडाभरात किती वेचलं, हा ‘किती’चा प्रश्न. तिथं समइफ. ए रकान्यात तारीख, बी मध्ये नाव, सी मध्ये किलो, आणि बाजूला ई२ मध्ये जिचा हिशेब करायचा तिचं नाव असेल तर:

=समइफ(बी२:बी५००, ई२, सी२:सी५००)

आता तुम्ही लिहिलं नाही, पण पुढच्या पत्रात लिहाल म्हणून सांगतो. वेचणीचा दर हंगामभर एक राहत नाही. पहिल्या वेचणीला समजा किलोमागं ८ रुपये होते आणि १ नोव्हेंबरपासून बायांनी १० करून घेतले. मग नाव आणि तारीख अशा दोन अटी लागतात, आणि दोन अटींना समइफ्स. हे २००७ च्या एक्सेलपासून आहे, त्यामुळं तुमचा संगणक कितीही जुना असला तरी बहुधा सापडेल. एफ१ मध्ये १ नोव्हेंबर ही तारीख ठेवा आणि लिहा:

=समइफ्स(सी२:सी५००, बी२:बी५००, ई२, ए२:ए५००, ">="&एफ१)

१ तारखेच्या आधीचे किलो हवे असतील तर ">=" च्या जागी "<". दोन्ही उत्तरांना आपापल्या दरानं गुणा, मजुरी तयार.

एक गोष्ट पाहिली का? समइफमध्ये बेरजेचा रकाना सगळ्यात शेवटी होता, समइफ्समध्ये तो सगळ्यात आधी आला. असं का केलं ते करणाऱ्याला माहीत, पण माझ्या डोक्यात हा गोंधळ वर्षभर राहिला. शेवटी मी समइफ लिहिणंच सोडलं. अट एक असली तरी समइफ्स लिहितो. त्याचा आणखी एक फायदा आहे. नावं बी२ ते बी५०० आणि किलो चुकून सी३ ते सी५०० असे दिलेत, तर समइफ तोंडातून ब्र काढत नाही. एक ओळ खाली सरकून शेजारणीचे किलो हिच्या नावावर टाकून देतं. समइफ्सला दोन्ही रकान्यांची लांबी सारखी लागते, नसली तर ते #व्हॅल्यू! म्हणून तिथंच ओरडतं. लांबी सारखी ठेवून दोन्ही सरकवलेत तर मात्र तेही फसतं, तेव्हा सुरुवातीची ओळ डोळ्यांनी एकदा पाहाच.

आणि तारखा तपासा. संगणकाची सेटिंग अमेरिकेची असेल तर ५/११ टाकलेलं तो ११ मे समजतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत हा खेळ चालतो. १३/११ टाकलं की तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीख न राहता नुसतं अक्षर होऊन डावीकडं चिकटून बसते. तुमच्या रकान्यात काही तारखा डावीकडं आणि काही उजवीकडं दिसत असतील तर मजुरी वाटू नका, आधी सेटिंगमध्ये भारत निवडा आणि तारखा पुन्हा टाका.

एकाच नावाच्या दोन बाया असतील (बारात एक जोडी निघतेच) तर नावाऐवजी नंबर द्या.

कापसाच्या हमीभावाचा तक्ता केला आहे: हंगाम, धागा, भाव. दोन अटी आहेत म्हणून समइफ्सनं भाव काढतो. २०२५-२६ च्या लांब धाग्याला ८११० बरोबर येते. मध्यम धाग्याला शून्य काऊन येते? तक्त्यात ७७१० तर दिसते!
— हिंगणघाटहून एक वाचक

दिसते म्हणूनच फसगत होते, भाऊ. तुमच्या तक्त्यात ‘मध्यम’ नंतर एक जागा सुटली असणार. स्पेसबार अंगठ्याखाली असतो, तो कधी दबला हे टाईप करणाऱ्याला कळत नाही. माणसाच्या डोळ्याला ‘मध्यम’ आणि ‘मध्यम ’ एकच, एक्सेलला दोन वेगळे. त्या घरात (सेलमध्ये) जाऊन कीबोर्डवरची एफ२ ही कळ दाबा, कर्सर अक्षराला चिकटून उभा आहे की थोडा दूर, ते पाहा. पुष्कळ ओळी असतील तर शेजारच्या रकान्यात जास्तीच्या जागा काढणारं ट्रिम लावा. संकेतस्थळावरून नकललेल्या मजकुरात मात्र वेगळ्या जातीची जागा असते, ती ट्रिमला जात नाही. तिच्यासाठी =सबस्टिट्यूट(बी२, कॅर(१६०), ""). यातलं कॅर इंग्रजीत सी-एच-ए-आर असं लिहा.

हे झालं दुखण्याचं. मला खरी भीती त्या शून्याची वाटते. व्हीलुकअपला नोंद सापडली नाही तर ते #एन/ए म्हणून बोंब मारतं. बोंब ऐकून माणूस धावतो. समइफ्सला काही सापडलं नाही तर ते शांतपणे शून्य लिहितं, कारण त्याच्या लेखी काहीच नसल्याची बेरीज शून्यच. शेतात राखणदार ठेवायचा तर ओरडणारा ठेवावा, रानडुकरं येऊन गेल्यावर ‘कोणी दिसलं नाही’ म्हणणारा काय कामाचा?

उलटी बाजूही ऐका. तुमच्या तक्त्यात २०२५-२६, लांब धागा, ८११० ही ओळ चुकून दोनदा पडली तर व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप पहिली घेईल आणि भाव ८११० च येईल. समइफ्स दोन्ही ओळी मिळवून १६,२२० रुपये क्विंटल सांगेल. ऐकायला गोड वाटतं, पण त्या भावानं चुकारा करून पाहा.

तरी मी तुम्हाला समइफ्स सोडा म्हणणार नाही. दोन अटींवरून आकडा काढायला ते सोपं पडतं, मीही वापरतो. फक्त शेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात अटीत बसणाऱ्या ओळी मोजणाऱ्या काउंटइफ्सला त्याच दोन अटी द्या. उत्तर १ आलं तर भाव घ्या. ० आलं तर काहीतरी सुटलंय, २ आलं तर काहीतरी दोनदा पडलंय. माझ्या शीटमध्ये हा रकाना १ सोडून काहीही आलं की लाल होतो. २०२४-२५ चे ७५२१ आणि ७१२१ हे भावही त्याच तक्त्यात खाली राहू द्या, जुन्या पावत्या पाहताना लागतात.

नवं एक्सेल असेल तर दोन्ही अटी जोडूनही शोधता येतं. हंगाम जी२ मध्ये, धागा एच२ मध्ये:

=एक्सलुकअप(जी२&एच२, ए२:ए९&बी२:बी९, सी२:सी९, "तक्ता पाहा")

शेवटचं ‘तक्ता पाहा’ हे सापडलं नाही तर काय लिहायचं त्यासाठी. तिथं शून्य मात्र लिहू नका. काही हुशार मंडळी व्हीलुकअपला इफएरर लावून #एन/ए झाकतात आणि त्या जागी ० ठेवतात. शीट स्वच्छ दिसते. साहेब खूश होतात. ज्याचा नंबर चुकला त्या शेतकऱ्याचा चुकारा शून्य होतो आणि ते कळतं तो दारात आल्यावर.

आमच्या बचत गटाची शीट आहे. एकाच सभासदाच्या कोडला समइफ पैसे दाखवतं आणि व्हीलुकअप #एन/ए दाखवतं. कोणाचं खरं मानू? आणि जुन्या यादीतली मराठी नावं नव्या यादीशी जुळत नाहीत, ते का?
— अकोट तालुक्यातील एक भगिनी

ताई, दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. तुमचा कोड ०१२ असा शून्यानं सुरू होतो ना? एका शीटमध्ये तो अक्षर म्हणून बसला आहे, म्हणजे ०१२ तसाच दिसतो, कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण असतो. दुसऱ्या शीटमध्ये टाकताना एक्सेलनं शून्य खाल्लं आणि नुसता १२ हा आकडा राहिला. व्हीलुकअप जात पाहतं. अक्षर वेगळं, आकडा वेगळा, मेळ नाही. समइफ जात पाहत नाही, आकड्यासारखं दिसलं की आकडाच धरतं, म्हणून त्याला ०१२ आणि १२ एकच.

उपाय सोपा आहे. अक्षरवाला रकाना निवडा, डेटामध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता थेट फिनिश दाबा. सगळे आकडे होतील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून कोड १०१ पासून सुरू करा, शून्याची कटकटच नको.

समइफचा हा मोकळेपणा पाहून ते बरं वाटेल, पण थांबा. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच नीट सांभाळतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. ते आकडा म्हणून टाकले तर शेवटचा अंक शून्य होऊन जातो. म्हणून आपण ते अक्षर म्हणून टाकतो, बरोबरच करतो. पण समइफ त्या अक्षरांनाही आकडा समजून पाहतं आणि सोळावा अंक त्याला दिसत नाही. आमच्याकडं एका नवरा-बायकोनं एकाच दिवशी, एकाच रांगेत उभं राहून खाती उघडली होती. पंधरा अंक तेच, शेवटी त्याचा ३ आणि तिचा ४. समइफनं तिच्या नावावर दोघांचे मिळून पैसे दाखवले, आणि त्याच्याही नावावर दोघांचे मिळून. म्हणजे कंपनीनं एकाच घरात दुप्पट पैसे पाठवायचे होते. यादीची एकूण बेरीज काट्याच्या बेरजेशी जुळेना म्हणून पकडलं गेलं, नाहीतर त्या घरी वेगळी दिवाळी झाली असती.

खाते क्रमांकावरून बेरीज काढायचीच असेल तर समप्रॉडक्ट घ्या, ते अक्षराला अक्षर ताडून पाहतं:

=समप्रॉडक्ट((बी२:बी३००=ई२)*सी२:सी३००)

त्यापेक्षा सभासद कोडावरूनच बेरीज काढा आणि खाते क्रमांक शेवटी व्हीलुकअपनं उचला.

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल: जुन्या यादीतली मराठी नावं नव्या यादीशी मुळीच जुळत नसतील, तर जुनी यादी कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असेल. त्या फाँटमध्ये घरात खरी इंग्रजी अक्षरं असतात, वरून मराठीचा मुखवटा. फाँट बदलून पाहा, नावाच्या जागी इंग्रजी गिचमिड आली की समजा. ती यादी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कोणतंच सूत्र चालणार नाही.

माझ्याकडं एक्सलुकअप टाकलं की #नेम? येतं. पोरीनं पुण्याहून पाठवलेल्या फाईलमध्ये तर तेच आहे. माझा संगणक खराब झाला काय?
— मेहकर तालुक्यातून एक शिक्षक

नाही सर. एक्सलुकअप आलं २०१९ मध्ये, पण एक्सेल २०१९ असं नाव असलेल्या विकतच्या आवृत्तीत ते नाही, २०१६ मध्येही नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि एक्सेल २०२१ पासून आहे. तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये पोरीची फाईल उघडल्यावर आधीची उत्तरं दिसत राहतील, पण एखादं सूत्र पुन्हा चालवलंत की #नेम?. फुकटात हवं असेल तर गूगल शीट्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये २४.८ पासून आहे.

तोवर इंडेक्स आणि मॅचची जोडी वापरा. ती कोणत्याही आवृत्तीत चालते आणि माझं मत विचाराल तर व्हीलुकअपपेक्षा बरीच बरी. व्हीलुकअपला शोधायचा रकाना सगळ्यात डावीकडं लागतो आणि उत्तराचा रकाना मोजून सांगावा लागतो, तिसरा, चौथा असा. मधे कोणी ‘मोबाईल नंबर’ नावाचा रकाना घुसवला की चौथा पाचवा होतो आणि रकमेच्या जागी मोबाईल नंबर येतो. जोडीला ही भानगड नाही:

=इंडेक्स(ए२:ए२००, मॅच(एफ२, डी२:डी२००, ०))

डी मध्ये शोधा, ए मधलं आणा. शेवटचं ० विसरू नका.

ओलाव्याप्रमाणं कपात काढायला एकात एक सात इफ लावले आहेत. सोपं काही?
— वणीजवळून, कापूस खरेदीवाला

आहे. वर सगळीकडं मी शोध ‘अचूक’ धरला आहे, त्यासाठी व्हीलुकअपच्या शेवटी ० किंवा फॉल्स लावतात. तुम्हाला उलट सांगतो: ट्रू लावा. तुमच्या टप्प्यांचा तक्ता करा, डावीकडं टप्प्याची सुरुवात आणि उजवीकडं कपातीचे टक्के: ० ला ०, ९ ला १, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४. यंत्रानं ९.६ दाखवलं तर व्हीलुकअप ९ च्या ओळीवर थांबून १ टक्का आणेल. तक्ता लहानाकडून मोठ्याकडं लावलेला हवा, खालीवर असला तर उत्तर चुकेल आणि चुकलं हे सांगणारही नाही. शेवटचा भाग कोणी रिकामा सोडला तर एक्सेल ट्रूच धरतं. नावं शोधताना कित्येकांना दुसऱ्याचेच पैसे दिसतात ते यामुळंच.

तुमच्या तक्त्यात शेवटी १२.१ ला ‘परत’ अशी एक ओळ घाला. ती नसेल तर १३.५ ओलावा असलेली गाडीसुद्धा ४ टक्के कापून पास होते, कारण व्हीलुकअपला १२ च्या पुढं काहीच दिसत नाही. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत, तुम्ही घेऊन ठेवला तर तो तुमच्याच अंगणात वाळेल.

काट्याची फाईल वेगळी आणि चुकाऱ्याची वेगळी. काट्याची बंद करून चुकाऱ्याची उघडली की समइफ्स #व्हॅल्यू! देतं, व्हीलुकअप मात्र चालतं. दुसरं, एक जण म्हणतो हे सगळं सोडा, पिव्होट टेबल शिका.
— दर्यापूरहून एक वाचक

समइफ, समइफ्स, काउंटइफ्स यांना दुसरी फाईल उघडीच लागते. व्हीलुकअप, इंडेक्स-मॅच आणि समप्रॉडक्ट बंद फाईलमधूनही वाचतात. मी काट्याची नोंद त्याच फाईलमध्ये दुसऱ्या शीटवर घेतो, प्रश्न मिटतो.

पिव्होट जरूर शिका, सगळ्यांच्या बेरजा एका दमात निघतात. फक्त ते आपणहून ताजं होत नाही. सकाळी काट्यावर चार गाड्या वाढल्या तरी ते काल संध्याकाळचेच किलो दाखवत राहतं. चुकारा करायच्या आधी त्यावर उजवं बटण दाबून रिफ्रेश करा.